खाडीच्या तोंडावर तेराचा पाढा

डॉक्टर सुनेत्रा पिंपळापुरे यांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला तेव्हा त्यांना सदुसष्टावं वर्ष लागलं होतं आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा नुकता कुठे उघडत होता.

बाईंचं तोवरचं आयुष्य म्हणजे धुतला तांदूळ. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात कधी कुणाची खोटी हजेरी लावली नाही. अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली, पण साधं पार्किंगचं तिकीट नाही. त्या राहत त्या श्रूजबरीतल्या रस्त्यावर पस्तीसची पाटी असली की यांचा काटा चौतिसावर, मागचे हॉर्न मारून मारून दमत. अडतीस वर्षं त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं. लोकांना झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं. त्या कामात चुकीला जागाच नव्हती.

आणि घरी चारुदत्तराव होते. पुण्याचे, पेशाने इंजिनियर, स्वभावाने देवमाणूस, पण त्यांना एक खोड होती. बायको बोलायला लागली की तळहात खाली दाबत "हळू, हळू" म्हणायचं. सुनेत्राबाईंचा आवाज मुळात मोठा. माहेरी तीन घरं पलीकडच्या मैत्रिणीला त्या जागेवरूनच हाक मारत. पण हॉटेलात हळू, इंडियन स्टोअरमध्ये हळू, लेकीच्या ग्रॅज्युएशनला "अगं हळू, लोक बघतायत." बेचाळीस वर्षांत तो आवाज घशाच्या तळाशी जाऊन गाळासारखा बसला होता.

रिटायर झाल्यावर चारुदत्तरावांनी एक जुनी बावीस फुटी मोटरबोट घेतली. ती सॉल्टर्स पॉइंट नावाच्या गावातल्या बंदरात असायची, घरापासून दीड तासावर. शनिवारी जायचं, दोन चकरा मारायच्या, डबा खायचा आणि परत यायचं, असा क्रम होता. त्या जूनमधल्या शनिवारी ते म्हणाले, "आज तू चालव," आणि स्वतः पुढे, बाईंकडे तोंड करून, डब्याशी झटू लागले.

बंदराच्या तोंडाशी एक हिरवा लोखंडी बोया तरंगत होता. माणसाच्या दीडपट उंच, वरच्या पिंजऱ्यात पितळी घंटा. लाटेवर बोया डुलला की घंटा वाजायची, आणि धुक्यातल्या माणसाला कळायचं की बंदराचं तोंड इथे आहे, खडकही इथेच आहेत. चारुदत्तरावांनी मान वळवली तेव्हा तो बोया दहा हातांवर होता.

"डावीकडे घे! डावीकडे!"

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"माझ्या! नाही, तुझ्या! अगं डावीकडे म्हणजे..."

धाडकन आवाज झाला. बोया वाकडा झाला, गंजलेले बोल्ट तुटले, घंटा पिंजऱ्यातून निसटली. पाण्यावर आपटताना तिने एकदाच, अगदी सुरेल असा "टण्ण" काढला आणि गडप झाली. चार बुडबुडे आले. मग शांतता.

दोघांना खरचटलंही नव्हतं. बोटीचा नकाशा दाखवणारा स्क्रीन फुटला होता, तिच्या नाकाडाला पोचा आला होता, आणि खिचडी सगळीच्या सगळी चारुदत्तरावांच्या टोपीत जमा झाली होती. ती टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, प्रसादाला हात पसरावेत तशी. ते बघून सुनेत्राबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळ्या अंगातून. त्या बोटीच्या कडेला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

चारुदत्तरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजले, "कोणी बघितलं नाही. काढता पाय घेऊ."

"कुठला पाय काढता? पाण्यात आहोत ना आपण!" म्हणून त्यांना पुन्हा नवी उबळ आली.

पण हसू ओसरलं तशी सवय जागी झाली. त्यांनी बोट थेट धक्क्यावरच्या बंदर-अधिकाऱ्याच्या खोपटाकडे वळवली. अधिकाऱ्याचं नाव मॅनी सिल्व्हिया. पन्नाशीचा, दाढीवाला, चार पिढ्या मासेमारीतल्या. बाई आत शिरल्या आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सांगावं तशा सरळ म्हणाल्या, "मी तुमची घंटा बुडवली."

मॅनीने कॉफीचा कप खाली ठेवला. "काय केलं?"

"बुडवली. अकरा वाजून सोळा मिनिटांनी. चूक माझी. हे आमचे मिस्टर, यांची चूक नाही. म्हणजे थोडी आहे."

मॅनी खुर्चीत मागे रेलला. बावीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी बोये ठोकले होते, ओढून नेले होते, एकाने तर बोयाला बोट बांधून वाढदिवस केला होता. आपणहून कबूल करायला आजवर कोणी आलं नव्हतं. त्याने कोस्ट गार्डला फोन लावला, बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, नोंद केली, घंटा गावाची आहे तेव्हा पुढचं गाव बघेल. मॅनीने एक फॉर्म दिला. इन्शुरन्स पैसे भरेल, नवीन घंटा ओतून यायला सहा आठवडे, झालं.

"एवढंच?" सुनेत्राबाई हिरमुसल्या. सदुसष्ट वर्षांतून एकदा गुन्हा करावा आणि फॉर्मवर भागावं?

फॉर्म द्यायचा होता टाउन हॉलमध्ये, आणि तिथे होती डॉटी पेल्टन. गावाची क्लार्क, चष्मा गळ्यात, केस कापसासारखे. तिने फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "तुम्ही स्वतःहून आलात?"

"हो."

"स्वतःहून!" डॉटी उठली ती जवळजवळ धावतच आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा हातात कातडी बांधणीचं एक जाडजूड बाड. "एकतीस वर्षं मी वाट बघतेय. कायदा १७६७ सालचा. तेव्हा इथे इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. कायदा कोणी रद्दच केला नाही, कारण कोणाच्या लक्षातच नाही. आणि तो लागू होतो फक्त आपणहून कबूल करणाऱ्याला."

ती घसा साफ करून वाचू लागली. जुन्या वळणाची इंग्रजी होती, पण बाईंच्या कानांत ती आजोबांच्या दप्तरातल्या मराठीसारखीच उतरत गेली. जो कोणी तांडेल या बंदरीचा दिवा, खूण अथवा घंटा धक्का देऊन निकामी करील आणि तसें आपल्या मुखें कबूल करील, त्याजला अन्य शिक्षा नाहीं. मात्र ती वस्तु पूर्ववत् होईतों, दाट धुक्याचे समयीं, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, त्याने अथवा त्याचे घरच्यांनी टोकावर उभें राहून आवाज द्यावा. तो आवाज या किनाऱ्यावरील दुसऱ्या कोणत्याही आवाजासारखा नसावा, जेणेंकरून खलाशी फसणार नाहीं.

"म्हणजे मी घंटा व्हायचं?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"सहा आठवडे," डॉटी म्हणाली. "अर्थात सक्ती कोण करणार? पण कायदा आहे."

"कायदा आहे ना? मग प्रश्नच मिटला. इंग्रजांचे निम्मे कायदे आम्ही भारतातसुद्धा अजून पाळतो. कुठे सही करू?"

चारुदत्तरावांनी तळहात खाली दाबला. कोणी लक्ष दिलं नाही.

त्यांची लेक ऋता बोस्टनमध्ये वकील. जहाजं, बंदरं, समुद्राखालच्या केबल असल्याच भानगडींची वकील, म्हणजे योग बघा. तिला फोन करून बोयाची सगळी हकीगत सांगितली.

"आई. यू हिट अ बुई."

"हो. आणि आता मी घंटा आहे."

"आई, लिसन टू मी. तो लॉ व्हॉइड आहे. नॅव्हिगेशन इज फेडरल. रेव्होल्यूशन झालंय, आई! काहीही साइन करू नको."

"केली."

"बाबा कुठे आहेत?"

"टोपी धुतायत."

ऋता दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तरातरा आली, गावचा कायदा स्वतः वाचला, मॅनीशी तासभर हुज्जत घातली आणि शेवटी कंटाळून म्हणाली, "फाइन. हे व्हॉलंटियरिंग आहे असं एका कागदावर लिहून द्या, आणि मॅनी, तुम्ही रेडिओवर सगळ्या बोटींना रोज अनाउन्स करा की बेल नाहीये. देन डू व्हॉटेव्हर." मॅनीने लिहून दिलं. काम मात्र तिने चोख केलं होतं, आईवरच गेली होती.

मग आला आवाजाचा प्रश्न. सॉल्टर्स पॉइंटला एक घर भाड्याने घेतलं, आणि श्रूजबरीहून मालिनी, म्हणजे सुनेत्राबाईंची तीस वर्षांपासूनची मैत्रीण, गाडीच्या डिकीत आवाज करणाऱ्या वस्तू भरून आली. पहिल्या धुक्याची वाट न बघता बंदराच्या तोंडाशी, टोकावरच्या खडकावर चाचणी झाली. मॅनी परीक्षक.

मालिनीने शंख फुंकला. मॅनी म्हणाला, बोटीच्या भोंग्यासारखा आहे, नापास. थाळी आणि लाटणं? पलीकडच्या गावच्या घंटेसारखं, नापास. झांजा? शिडाच्या दोऱ्या वाऱ्यावर डोलकाठीला लागून अशाच खणखणतात. प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा झाली. मॅनीने तर ती पुन्हा ऐकवायला लावली, पण नापासच.

"कायदा म्हणतो, दुसऱ्या कशासारखा नसलेला आवाज," डॉटी बाड छातीशी धरून म्हणाली.

सुनेत्राबाई खडकावर उभ्या होत्या. समोर मोकळं पाणी. काय झालं त्यांचं त्यांनाच कळलं नाही. चौथीत, बाकावर उभं राहून, सगळ्या वर्गाने एका दमात जे म्हणायचं असे, ते एकदम आतून वर आलं.

"तेरा एके तेराऽऽ! तेरा दुणे सव्वीऽऽस! तेरा त्रिक एकोणचाळीऽऽस!"

दोन पाणकावळे उडाले. धक्क्यावर जाळं शिवणाऱ्या माणसाने मान वर केली. मॅनी हळूच म्हणाला, "हे या किनाऱ्यावर कुठेच नाही."

पास.

त्या वर्षी जुलै म्हणजे नुसतं धुकं. सकाळी उठावं तर खिडकीबाहेर समुद्र नाही, धक्का नाही, अंगणातलं झाडसुद्धा नाही. सुनेत्राबाई पिवळा रेनकोट चढवून, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन टोकावर जात. चारुदत्तरावांनी पत्र्याचा एक भलामोठा कर्णा बनवून दिला होता. तोंडाशी अरुंद, पुढे परातीएवढा. इंजिनियरचं प्रायश्चित्त, असं मालिनी म्हणे. दर मिनिटाला एक ओळ. बेच्या पाढ्यापासून सुरुवात, तीसपर्यंत चढायचं, पुन्हा खाली. डॉटीने घरचीच धरलेली मालिनी शनिवार-रविवार बदलीला यायची, आणि बोलून चालून घरच्यांचंही नाव कायद्यात असल्यामुळे ऋताही एकदा उभी राहिली. तिला पाचापर्यंतच पाढे येत होते. "पाच सक थर्टीऽऽ!" ती ओरडली, आणि रेडिओवर कुणीतरी विचारलं की आज घंटेला सर्दी झाली आहे का.

मासेमाऱ्यांना आधी वाटलं बाई प्रार्थना करते. मॅनीने खुलासा केला, गुणाकार करते. मग तर गंमतच झाली. लॉबस्टरवाले सकाळी निघताना रेडिओवर विचारू लागले, "कुठवर आली?" "सतरावर." "म्हणजे वीस यायला अजून अर्धा तास आहे." एकाने सांगितलं, सतरा त्रिक एक्कावन्न ऐकू आलं की तो बरोबर खडकांसमोर असतो. त्याच्या उच्चारात ते 'सॅटर ट्रिक' झालं होतं. बेकरीवाल्या बाईंनी मध-लिंबाची बाटली पाठवली. डॉटी रोज एका वहीत नोंद करी: धुकं, वेळ, पाढा.

आणि सुनेत्राबाई? त्या रोज रात्री अंथरुणावर पडल्या की घसा दुखायचा, पाय दुखायचे, आणि गालही दुखायचे, हसून हसून. अडतीस वर्षं लोकांना झोपवलं, त्या मालिनीला म्हणाल्या, आता अख्ख्या गावाला उठवतेय. पुन्हा लहान पोर झाल्यासारखं वाटतंय गं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी चारुदत्तराव दुरुस्त झालेली बोट घेऊन एकटेच निघाले. इंजिनाचा आवाज कसा येतो बघतो, पाच मिनिटांत आलो. आकाश निळं होतं. नवीन स्क्रीन अजून बसायचा होता, फोन राहिला गाडीत. हातात तेवढा एक छोटा रेडिओ. पाच मिनिटांची पन्नास झाली आणि समुद्राकडून धुक्याची भिंत आली. अशी दाट, की सुनेत्राबाईंना टोकावर पोचेपर्यंत स्वतःची चप्पल दिसेना.

त्यांचं बे एके बे सुरू झालं होतं तोच मॅनी धापा टाकत आला, हातात रेडिओ. "तुमचे मिस्टर बाहेर आहेत. त्यांना आपण कुठे आहोत ते कळत नाहीये."

तिथल्या खडकांची बाईंना आता ओळख होती. घंटा जिथे होती, तिथून वीस हातांवर ते पाण्याखाली दबा धरून बसलेले. त्यांनी रेडिओ घेतला.

"अहो! ऐकू येतंय का?"

खरखर झाली. मग चारुदत्तरावांचा बारीक आवाज. "रेडिओवर येतंय. पण तसं काही ऐकू येत नाहीये. कुठे आहेस तू?"

"टोकावर! बंदरात शिरताना माझा आवाज डाव्या हाताला ठेवा!"

"तुझ्या डाव्या की माझ्या?"

"तुमच्या!"

त्यांनी कर्णा उचलला. "तेरा एके तेराऽऽ! तेरा दुणे सव्वीऽऽस!"

"नाही येत," रेडिओ म्हणाला.

"तेरा त्रिक एकोणचाळीऽऽस!"

"नाही गं. सुनेत्रा..." आणि मग बेचाळीस वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. "जोरात! अगं जोरात बोल ना! आणखी जोरात!"

नवरा धुक्यात, खडक तोंड वासून, आणि या बाईला हसू आवरेना. छाती गदगदू लागली. मॅनी घाबरून विचारू लागला, काय म्हणाले, काय म्हणाले? त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ते म्हणाले, जोरात बोल!" मॅनीला त्यात काय हसण्यासारखं ते कळलं नाही, पण तोही हसू लागला.

मग बाईंनी कर्णा खडकावर ठेवून दिला. दोन्ही पाय रोवले, रेनकोटाची बटणं उघडली, आणि पोटाच्या तळापासून, माहेरच्या अंगणापासून, चौथीच्या बाकापासून जो काही आवाज उरलासुरला होता तो सगळा बाहेर काढला.

"तेरा चोक बावन्नऽऽऽ!"

धुकं हललं म्हणावं तर खोटं ठरेल, पण मॅनीने दोन्ही कान झाकले हे खरं.

रेडिओ खरखरला. "आलं! आलं आलं! बावन्न आलं!"

"तेरा पाचेऽऽ?"

"साठ!"

"पासष्टऽऽऽ!" त्या संतापाने ओरडल्या. "साठ काय? इंजिनियर ना तुम्ही! तेरा सक?"

"अठ्ठ्याहत्तर," रेडिओ नम्रपणे म्हणाला. "आता जवळ आलं. डाव्या कानात आहेस."

"तिथेच ठेवा मला! तेरा साते एक्क्याण्णऽऽव!"

असं करत करत, तेरावरून सतरावर, सतरावरून एकोणीसवर, प्रश्न टोकावरून आणि उत्तरं पाण्यावरून, इंजिनाचा टकटक आवाज जवळ येत गेला. दोन-तीन लॉबस्टरवाल्या बोटीही त्याच रेडिओवर होत्या. त्यांनीही आपापल्या परीने 'थर्टी-एट' वगैरे उत्तरं द्यायला सुरुवात केली. धुक्यातून आधी एक फिकट ठिपका दिसला, मग बोटीचं नाकाड, मग हातात सुकाणू घट्ट धरलेले, पांढरेफटक पडलेले चारुदत्तराव. ते टोकाच्या समोरून, बरोब्बर डाव्या हाताला बायको ठेवून, बंदरात गेले.

सुनेत्राबाई धक्क्यापर्यंत धावल्या. सदुसष्टव्या वर्षी, पिवळ्या रेनकोटात. चारुदत्तराव उतरले. बाईंचे दोन्ही हात धरून नुसते उभे राहिले, आणि मग हसायला लागले. कधी नव्हे ते, मोठ्याने. धक्क्यावरचे लोक बघत होते. बघू देत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवी घंटा आली. क्रेनवाल्या बोटीतून ती बोयावर चढवली तेव्हा निम्मं गाव धक्क्यावर होतं. डॉटीने वही बंद करून बाईंना एक कागद दिला, त्यावर शिक्का: कायद्याप्रमाणे शिक्षा पूर्ण. सुनेत्राबाईंनी तो ऋताला वाचायला दिला. ऋताने नाइलाजाने दोनदा वाचला आणि म्हणाली, "लीगली मीनिंगलेस आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "फ्रेम करूया का?"

सप्टेंबरच्या गावसभेत कोणीतरी ठराव मांडला की हा १७६७ सालचा कायदा आता रद्द करावा. त्याच्या बाजूने नऊ मतं पडली. विरुद्ध एकशे चौदा. मॅनी मत देताना दोन्ही हात वर करून उभा होता, म्हणून त्याचं एकच धरायला मोजणाऱ्यांना पुन्हा मोजावं लागलं.

हिवाळ्यात दोघांनी मॅनीकडे बोट चालवायचा रीतसर कोर्स केला. सुनेत्राबाईंना सत्त्याण्णव मार्क मिळाले, चारुदत्तरावांना एकाहत्तर. त्यांचा निकाल लागला त्या दिवशी दोघं बंदरावरच्या हॉटेलात जेवायला गेले. बाई दाराशी उभ्या असलेल्या मॅनीला खिडकीतल्या टेबलावरून हाक मारत होत्या, "अरे मॅनी, इकडे ये, यांचे मार्क पुन्हा एकदा सांग!" आणि चारुदत्तराव एकदाही 'हळू' न म्हणता, मेन्यू कार्ड तोंडासमोर धरून, लाजत लाजत, तिसऱ्यांदा फ्राइज मागवत होते.